लखोट्यावरचा पत्ता हेच चित्र कसे करावे?

अक्षरवेल, बडोदे (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षे मी घरी पाकिटे कापून, चिकटवून, त्यांवर हाताने अक्षरे रेखून ती टपालाने पाठवत आहे. बहुतेक पाकिटे सांगलीला मावशीकडे जातात, काही पुण्याला आणि अलीकडे चार-पाच परदेशीही गेली. तिकडे या छंदाला मेल आर्ट म्हणतात. न्यूयॉर्कच्या रे जॉन्सन यांनी १९५० च्या दशकापासून चित्रे आणि कात्रणे टपालाने पाठवून, त्यांवर ‘भर घालून परत पाठवा’ अशी सूचना लिहून या प्रकाराला आकार दिला. आपल्या भाषेत तर ‘लखोटा’ हा शब्दच आहे. लाखेने मोहोरबंद केलेले पत्र हा त्याचा अर्थ ध्यानात घेतला, तर पत्राचे बाहेरचे अंग देखणे असावे ही कल्पना आपल्याला परकी नाही.

धागा काढण्याचे कारण असे की, मी पाहिलेल्या बहुतेक सजवलेल्या पाकिटांवर आधी फुले, पक्षी आणि वेलबुट्टी काढलेली असते आणि उरलेल्या कोपऱ्यात पत्ता कोंबलेला असतो. मला हे पटत नाही. पत्ता नसेल तर ते पाकीट कोठेच जाणार नाही. म्हणून सजवायचा तो पत्ताच सजवावा आणि बाकीचे चित्र त्याच्या अक्षरांतून निघावे, असा माझा आग्रह आहे.

देवनागरीत हे करताना पहिली अडचण जागेची येते. आपली ओळ तीन मजल्यांची असते: शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी आणि रफार, मध्ये अक्षराचे अंग आणि खाली उकार. मी अक्षराच्या अंगाला टाकाच्या निबाच्या पाच रुंदी, वर दोन आणि खाली दोन अशा नऊ रुंदी धरते. म्हणजे २ मिलिमीटरच्या निबाने लिहिले तर एक ओळ १८ मिलिमीटर खाते. माझे पाकीट १६२ बाय ११४ मिलिमीटरचे असते. आंतरराष्ट्रीय टपाल संकेतानुसार उजव्या वरच्या कोपऱ्यात वरून ४० आणि उजवीकडून ७४ मिलिमीटर एवढी जागा तिकिटासाठी व शिक्क्यासाठी मोकळी ठेवावी लागते, आणि तळाशी मी १५ मिलिमीटर सोडते. उरतात ५९. चार ओळी जाड निबाने लिहिल्या तर ७२ होतात आणि पत्ता पाकिटाबाहेर जातो. म्हणून आता नाव तेवढे २ मिलिमीटरच्या निबाने, पुढच्या तीन ओळी १ मिलिमीटरच्या निबाने आणि शेवटी पिन कोडसाठी १० मिलिमीटर, असे एकूण ५५ धरते. हा हिशेब जमेपर्यंत माझी कितीतरी पाकिटे वाया गेली, म्हणून तो येथे सविस्तर लिहिला.

दुसरी गोष्ट शिरोरेषेची. आपली अक्षरे रेषेला लटकतात, आणि बडोद्यात राहणाऱ्याला लटकणारी रेषा म्हटली की उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचा, मांजा आठवणारच. गेल्या जानेवारीत मी मावशीच्या नावाची शिरोरेषा शेवटच्या अक्षरावर न थांबवता पुढे नेली, हळूहळू बारीक केली, वर वळवली आणि तिकिटाच्या राखीव जागेच्या कडेला सोडून दिली. तिकीट लावल्यावर तेच पतंग झाले. त्या पाकिटावर दुसरे एकही चित्र नव्हते.

आता अपयशाचे सांगते. दोन वर्षांपूर्वी जुलैत मी एक पाकीट फाउंटन पेनच्या निळ्या शाईने रेखून पाठवले. तीन आठवड्यांनी ते माझ्याकडेच परत आले, कारण मागच्या बाजूचा माझा पत्ता बॉलपेनने लिहिलेला होता. पुढच्या बाजूची सगळी अक्षरे पावसाने धुऊन नेली होती. निळसर डाग तेवढा उरला होता. मात्र शिरोरेषांसाठी शिसपेन्सिलने आखलेल्या चार रेघा जशाच्या तशा होत्या. कपडे उडून गेल्यावर दोऱ्या राहाव्यात, तसे ते दिसत होते. ते पाकीट मी अजून टेबलासमोर लावून ठेवले आहे.

मला जाणत्यांकडून तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. सजवलेल्या अक्षरांत शिरोरेषा आधी ओढावी की शेवटी? गावातल्या गावात पाठवायच्या पाकिटावर गुजराती लिपी वापरली तर रेषेवाचून ही रचना कशी उभी राहील? आणि वाचनीयतेला धक्का न लावता अक्षर किती वळवता येते?

बाळबोध, बडोदे

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी मोडीच्या बाजूने देतो. बडोदे संस्थानाच्या जुन्या मराठी दप्तरांतले कागद मी हौसेने वाचतो. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढून घेत असे आणि मग बोरू शक्य तितका न उचलता अक्षरे तिला अडकवत जाई. दोन शब्दांत अंतर ठेवण्याची पद्धत नव्हती. त्या लेखनाला जो वेग आणि जो लयदार झोक दिसतो, तो या आधी ओढलेल्या रेघेमुळे. शाळेत आपण नेमके उलटे शिकतो: आधी शब्द लिहायचा आणि मग वर रेघ मारायची. त्यामुळे प्रत्येक अक्षर सुटे राहते आणि रेघ झाकणासारखी वरून बसवल्यासारखी दिसते. तुम्हांला मांजाचा परिणाम हवा असेल तर रेघ आधीच ओढावी, कारण ताणलेल्या दोरीला अक्षरे लटकवणे आणि लटकलेल्या अक्षरांवर दोरी ठेवणे, यांतला फरक डोळ्यांना लगेच कळतो.

मात्र पत्ता मोडीत लिहू नये, हे कळकळीने सांगतो. मोडीची हौस पाकिटाच्या मागच्या बाजूला भागवता येते. जुन्या पत्रांच्या शेवटी ‘मोर्तब सूद’ असा शिक्का असे, म्हणजे मजकूर येथे संपला, यापुढे कोणी भर घालू नये. मी खोडरबरावर ही अक्षरे उलटी कोरून एक शिक्का केला आहे आणि पाकिटाची जीभ चिकटवल्यावर सांध्यावर तो उमटवतो. अर्धा शिक्का जिभेवर, अर्धा पाकिटावर येतो. पाकीट कोणी वाफेवर उघडून पुन्हा चिकटवले, तर अक्षरे जुळत नाहीत. सजावटीचे काम होते आणि मोर्तबाचे मूळ कामही होते.

इंदूरची लेखणी, इंदूर

हमारे यहाँ म्हणजे आमच्या इंदुरात पाकिटाला लिफाफाच म्हणतात, आणि लिफाफ्यावर मराठी वळणाने लिहिण्याचा थोडा वेगळा अनुभव मला आला, तो सांगते. मराठीतला ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण हिंदी वाचणाऱ्याच्या सवयीहून वेगळे आहे. साध्या हस्ताक्षरात ते कोणालाही अडत नाही. परंतु त्याच वळणाला अलंकार चढवले की अनोळखी वाचणारा थबकतो. ‘ळ’ तर हिंदीच्या नेहमीच्या वर्णमालेत नाहीच. माझ्या आडनावात तो आहे, आणि एका मैत्रिणीने त्याच्या दोन्ही गाठींत मोर काढले होते. मोर फार सुंदर होते. पोस्टमन दादांनी मात्र लिफाफा घेऊन शेजारच्या तीन घरी विचारले आणि मग आमच्या दारी आले. तेव्हापासून आम्ही दोघींनी ठरवले आहे की, जे अक्षर मुळातच कमी लोकांच्या ओळखीचे आहे, त्याला हात लावायचा नाही.

अक्षरवेल, बडोदे

इंदूरच्या ताई, हा नियम मी माझ्या वहीत लिहून ठेवला. गुजरातीत ‘ळ’ असल्यामुळे बडोद्यात तो कधी खटकला नाही, आणि म्हणून माझ्या ध्यानातच आला नव्हता.

जुना टपाली, बडोदे

मी टपाल खात्यात तीस वर्षांहून अधिक काळ काम केले आणि त्यांतली बरीच वर्षे वर्गवारीत काढली. तुमचा तिसरा प्रश्न माझ्या कामातला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पाकीट वाचणारे डोळे एकाच माणसाचे नसतात, ही गोष्ट सजावट करणाऱ्यांनी आधी समजून घ्यावी. बडोद्याहून सांगलीला निघालेल्या पाकिटावर वाटेतला प्रत्येक वर्गवारी करणारा फक्त पिन आणि गाव पाहतो. पत्ता तुम्ही वरून खाली लिहिता. आम्ही तो खालून वर वाचतो. पिनचा पहिला अंक विभाग सांगतो: ३ म्हणजे गुजरात आणि राजस्थानचा, ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा. पहिले तीन अंक मिळून वर्गवारीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन अंक वाटप करणारे कार्यालय दाखवतात. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत सुरू झाली आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ आणि संस्कृतचे कवी होते, याचा मला आजही अभिमान वाटतो. एकाच नावाची गावे आणि अनेक लिप्या असलेल्या देशात सहा अंकांनी हे काम केले.

म्हणून पिनवर वेलबुट्टी नको, आणि तो देवनागरी अंकांतही नको. आपल्या रावपुऱ्याच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिन ३९०००१ आहे. हाताने लिहिताना देवनागरी नवाची आणि एकाची गाठ सारखी होते, आणि त्या गाठीला जरा झोक दिला की नवाचा एक होतो. आंतरराष्ट्रीय अंकांत, एकेक सुटा, सरळ उभा लिहावा.

याउलट नावाची ओळ शेवटच्या माणसाशिवाय कोणी वाचत नाही. तो त्या गल्लीत रोज जाणारा असतो आणि बहुधा नाव ओळखतो. तेव्हा तुमची सगळी कला नावावर खर्च करा. गल्लीच्या ओळीत थोडी, गावाच्या ओळीत अगदी बेताची, आणि पिनवर मुळीच नाही. तुम्ही नाव जाड निबाने लिहिता आणि मांजा नावाच्याच शिरोरेषेतून काढता, हे नकळत अगदी योग्य झाले आहे. बाळबोध यांची सलग रेघही नावापुरतीच ठेवावी; खालच्या ओळींत शब्दागणिक तोडावी, नाहीतर गल्ली आणि गाव एकमेकांत मिसळतात.

आणखी दोन गोष्टी. पाकिटावर मणी, टिकल्या, लाखेचा जाड गोळा असे उंच काही लावू नये; गठ्ठ्यात ते तुटते आणि शेजारच्या पाकिटाला भोक पाडते. लाख लावायचीच असेल तर सजवलेले पाकीट दुसऱ्या साध्या पाकिटात घालून पाठवावे. आणि पेटीत टाकण्याऐवजी खिडकीवर नेऊन हाताने शिक्का मारून देण्याची विनंती करावी. कामाची घाई नसेल तर कर्मचारी आनंदाने आणि जपून मारतात. मी स्वतः अशा पाकिटांसाठी शिक्क्याची शाई आधी एका रद्दी कागदावर कमी करून घेत असे.

सूरसागरकाठ, बडोदे

काकांचा प्रतिसाद वाचून फार बरे वाटले. मी अगदी नवशिका आहे. तिरप्या निबाने लिहिताना माझा काना जाड येतो आणि शिरोरेषा बारीक येते. दोन्ही सारखे कसे करावे?

अक्षरवेल, बडोदे

तुमच्या हातात निब फार सपाट धरला जातो आहे, म्हणजे त्याची कड शिरोरेषेला जवळजवळ समांतर आहे. ती रेषेशी ४५ अंशांवर आणा. त्या कोनात आडवी आणि उभी रेघ सारख्याच जाडीची येते, निबाच्या रुंदीच्या सुमारे सात-दशांश. ३ मिलिमीटरच्या निबाने दोन्ही रेघा २.१ मिलिमीटरच्या आल्या की कोन बरोबर आहे असे समजा. आठवडाभर फक्त ‘ग’ आणि ‘म’ गिरवा. काना, गाठ आणि शिरोरेषा यांत लगेच तपासता येतात, आणि वहीचे एक पान भरले की चूक कोठे आहे ते आपले आपल्याला दिसते.

कागदवेडा, बडोदे

कागदाबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. ए-फोर आकाराचे सोळा ताव मिळून एक चौरस मीटर होतो. त्यामुळे ८० ग्रॅमी, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणाऱ्या, कागदाचा एक ताव ५ ग्रॅमचा आणि १२० ग्रॅमी कागदाचा साडेसात ग्रॅमचा भरतो. टाकाच्या ओल्या शाईला १२० ग्रॅमी कागद हवा, कारण पातळ कागदावर शाई मागे फुटते. अशा एका तावाचे पाकीट आणि आत ८० ग्रॅमी कागदाचे दोन ताव पत्र धरले तर साडेसतरा ग्रॅम झाले. तिकिटाचा पहिला टप्पा २० ग्रॅमला संपतो. अस्तर, डिंक आणि तिकीट यांना अडीच ग्रॅम उरतात. तेव्हा तिसरा ताव लिहिलात तर वजन करूनच तिकीट लावावे.

अस्तराला उत्तरायणानंतर उरलेला पतंगाचा कागद वापरून पाहा. तो इतका हलका असतो की वजनात जाणवत नाही, आणि पाकीट उघडताना जांभळा किंवा राणी रंग एकदम समोर येतो. एक सावधगिरी मात्र बाळगावी. त्याचा रंग ओलाव्याने सुटतो, म्हणून पावसाळ्यात तो वापरू नये, आणि खळीने न चिकटवता कोरड्या गोंदाच्या कांडीने फक्त वरच्या कडेला चिकटवावा.

शाई जलरोधक ड्रॉइंगची घ्यावी आणि ती टाकानेच वापरावी. फाउंटन पेनमध्ये भरली तर पेन कायमचे तुंबते. शाई पूर्ण वाळल्यावर पत्त्यावरून पांढरी मेणबत्ती हलक्या हाताने घासली तर पाणी ठरत नाही. तिकिटाच्या जागेवर मेण जाऊ देऊ नका, कारण मेणावर शिक्क्याची शाई धरत नाही.

रेषेवाचून, बडोदे

मी येथील ललित कला विभागात शिकलो आणि माझी निम्मी पाकिटे गुजरातीत असतात, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देण्याचा प्रयत्न करतो. गुजराती ही नागरीचीच बहीण. व्यापाऱ्यांच्या भरभर लिहिण्यात शिरोरेषा गळून पडली. क, ख, च, ज, झ, फ, ब अशी काही अक्षरे वेगळी आहेत, बाकीची बहुतेक मराठी डोळ्याला ओळखू येतात. परंतु शिरोरेषा काढून टाकलेली देवनागरी म्हणजे गुजराती असे समजून रचना केली तर ती हमखास पडते. देवनागरीत रेषा ओळ सांभाळते, त्यामुळे अक्षरे थोडी वरखाली झाली तरी चालते. गुजरातीत ओळ सांभाळतात ती अक्षरांमधली मोकळी जागा आणि अक्षरांची गोलाई. मी प्रत्येक अक्षराच्या पोटातली पांढरी जागा आणि शेजारच्या अक्षराशी असलेली पांढरी जागा नजरेने सारखी करतो; मोजपट्टीने ती होत नाही. मांजा तेथे उपयोगी नाही. त्याऐवजी अक्षरे सूरसागर तलावाच्या पायरीवर बसलेल्या पक्ष्यांसारखी तळाच्या एका अदृश्य रेषेवर बसवावीत आणि काही अक्षरांचा काना खाली जो बारीक वळतो, तो लांबवून चित्रात न्यावा.

जाता जाता सांगावेसे वाटते की, कीर्तिमंदिरातल्या, म्हणजे बडोद्यातल्या गायकवाड घराण्याच्या स्मारकातल्या, भिंतींवर ज्यांची चित्रे आपण पाहतो, ते नंदलाल बोस आपल्या विद्यार्थ्यांना आणि स्नेह्यांना साध्या पोस्टकार्डांवर चार रेघांत चित्रे काढून पाठवीत. एवढी मोठी भिंत रंगवणारा हात एवढ्याशा कार्डावरही तितकाच मन लावून चालत होता, याचे मला नेहमी नवल वाटते.

बाळबोध, बडोदे

काकांची सूचना मान्य आहे. सलग रेघ नावापुरतीच ठेवावी. मोडीचे कागद एकाच दप्तरात, ओळखीच्या कारकुनांत फिरत. पाकिटाचा प्रवास तसा नाही, हे मी विसरलो होतो.

अक्षरवेल, बडोदे

सर्वांचे मनापासून आभार. तुमच्या सूचनांप्रमाणे काल मावशीसाठी नवे पाकीट केले. आधी नावाची रेघ एका दमात ओढली आणि मग अक्षरे तिला लटकवली. पहिल्या दोन प्रयत्नांत ‘श्रीमती’ची दुसरी वेलांटी रेघेपासून सुटली, तिसऱ्यांदा बसली. खालच्या ओळी शब्दागणिक तोडल्या. सांगलीचा पिन ४१६४१६ आहे. तेच तीन अंक दोनदा येतात हे इतक्या वर्षांत मी कधी पाहिलेच नव्हते. काहीही न सजवता, केवळ तिसऱ्या आणि चौथ्या अंकांत किंचित जास्त जागा सोडली, आणि तेवढ्यानेच ती ओळ सुंदर दिसू लागली. काकांनी हे पाहावे असे फार वाटले.

आज सकाळी रावपुऱ्यात खिडकीवर नेले. तिथल्या बाईंनी पाकीट हातात घेतले, मांजा तिकिटापर्यंत बोटाने मागे नेला, आणि शिक्का पतंगाच्या एका कोपऱ्यावर येईल असा तिरका मारला. मोर्तबाचा शिक्का अजून कोरायचा आहे. बाळबोध, ‘मोर्तब’मधला रफार खोडरबरावर कोरताना तुटतो. त्यासाठी कोणते पाते वापरता, ते कळवावे.

बाळबोध, बडोदे

कलमी चाकूचे टोकदार पाते, आणि कोरण्याआधी रबर पंधरा मिनिटे बर्फाच्या पेटीत ठेवा. थंड रबर फाटत नाही. रफार मी सर्वांत शेवटी कोरतो.